चौथं बेअरिंग

बाईंच्या घरी कोणी पहिल्यांदा गेलं, की त्या चहाच्या आधी खड्डा दाखवायच्या.

वर्ध्याजवळ आंजीला घर बांधलं तेव्हा पाया भरायच्याही आधी त्यांनी तो खणून घेतला होता. अंगणात उजव्या हाताला, छातीइतका खोल, दोन माणसं उभी राहतील एवढा. आमच्या काळ्या मातीत नुसता खड्डा टिकत नाही. पावसाळ्यात माती फुगते आणि भिंती आत येतात. म्हणून बाईंनी आतून दगडी चिणाई करवली, उतरायला पायऱ्या केल्या आणि वर सागाच्या फळ्या टाकल्या. गावाला आधी वाटलं, संडासाचा असेल. मग वाटलं, धान्याचं पेव असेल. बाईंना धन सापडल्याचीही एक बातमी महिनाभर फिरली. बाई सगळ्यांना एकच उत्तर देत.

"गाडीखाली जाले हाय तो. या वयात मी काय झोपून पाने फिरवू?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आंजीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या खेड्यातल्या हायस्कुलात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो, आणि बाईंच्या घरापासून तिसऱ्या घरात खोली घेऊन राहत होतो. बाई त्याच शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायच्या. वय पंचावन्नच्या पुढे, लग्न केलेलं नाही, बांधा काटक. अंगात नेहमी सुती पातळ, आणि गाडीचं काम असलं की पातळावरून पुरुषी खाकी सदरा. गावात त्यांना मिस्तरीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

वर्गात बाई पुस्तकातलं मराठी बोलत. वर्गाचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी. पायातल्या चपला बदलाव्यात तशी त्यांची भाषा बदलायची, आणि त्यात त्यांची कधी चूक व्हायची नाही.

घटक चाचणीत त्या पाव मार्क द्यायच्या. साडेसतरा नाही, पावणेअठरा. मुख्याध्यापकांनी एकदा विनवून पाहिलं, "बाई, पुरे अठरा करून टाका ना. बेरीज करताना त्रास होतो." बाई म्हणाल्या, "ज्याले पाव समजलं त्याले पावच. उरलेलं समजलं असं म्या त्याले खोटं काऊन सांगू?"

पण हाच काटा त्या स्वतःलाही लावत. एकदा नववीच्या वर्गात त्यांनी भिंगाचं एक उदाहरण चुकीचं सोडवलं. मागच्या बाकावरच्या मुलाने ते दाखवून दिलं. बाईंनी ते तपासलं, फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागात ठळक अक्षरांत लिहिलं, "हे उदाहरण मी चुकवले होते. बरोबर रीत पुढीलप्रमाणे", आणि शनिवारपर्यंत तो भाग कोणाला पुसू दिला नाही. तो आठवडाभर मी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर समास शिकवले. द्वंद्व समासाच्या शेजारी बाईंचं बहिर्गोल भिंग.

"वाटते" या शब्दाशी त्यांचं वैर होतं. मूल म्हणालं, "बाई, मला वाटते पाणी वाढलं," की बाई तिथेच थांबवायच्या. "वाटते ते आईले सांगजो. मले दिसलं ते सांग." शिक्षकांच्या खोलीत आम्हालाही तेच. मी एकदा म्हणालो, "आज गरम जास्त वाटतंय." बाईंनी भिंतीवरचा तापमापक पाहिला आणि म्हणाल्या, "कालच्यापेक्षा एकानं कमी हाय जी."

कान मात्र विलक्षण. चहा पिता पिता वर बघून म्हणायच्या, "या पंख्याचं बुश गेलं. सोमवारपर्यंत बंद पडन." पंखा सोमवारी बंद पडायचा.

हा कान कारंज्याचा होता. कारंजा घाडगेला हमरस्त्याच्या कडेला त्यांच्या वडिलांचं ट्रकची इंजिनं बांधायचं दुकान होतं. एका बाजूला ढाबा, एका बाजूला पंक्चरवाला, मध्ये वडील. बाई सांगत, "बाबा भावाले शिकवत होते आन मी पाने देत होती. भावाचं ध्यान ढाब्याकडं. मंग शिकलं कोण?" भावाने पुढे तिथेच सुट्या भागांचं दुकान टाकलं. बाई शिकून शिक्षिका झाल्या. वडील गेले तेव्हा वाटणीत त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. वडिलांची पान्यांची पेटी आणि वडिलांची मोटार.

ती मोटार म्हणजे जुनी पांढरी पेट्रोलची गाडी, दोन्ही टोकांना गोलसर, आत एखाद्या बैठकीसारख्या गाद्या. तशा गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत. रोज सकाळी बाई गाडी काढायच्या, मी शेजारी बसायचो, वाटेत मुख्य रस्ता सोडून आत एक वस्ती होती तिथून चार मुली मागे बसायच्या, आणि आम्ही शाळेत पोचायचो. त्या वस्तीवर सकाळची बस येत नव्हती. सातवी झाली की मुली घरी बसत. बाई एका उन्हाळ्यात त्या चारही घरांत गेल्या आणि प्रत्येक बापाला सांगून आल्या, "मी नेईन, मीच आणून देईन. जोपर्यंत माही गाडी येते तोपर्यंत तुमची पोरगी येईन." बापांनी मान्य केलं. त्यांचा शाळेवर किती विश्वास होता माहीत नाही, पण बाईंच्या गाडीवर होता.

हे सगळं आधी सांगायचं कारण, त्या गाडीची वाट मी लावली.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पुलगावला विज्ञान प्रदर्शन होतं आणि या चार मुलींनी हाताने फिरवून पाणी उपसण्याचं एक यंत्र केलं होतं. दहाच्या आत मांडणी करायची होती. आदल्या दिवशी बाईंना सणकून ताप भरला. सकाळी मी गेलो तर त्या घोंगडं पांघरून पडवीत बसलेल्या. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"सर, गाडी तुमीच न्या. फक्त चालू करायच्या आधी तेलाची पट्टी काढून पाहाजा. जुनं इंजिन हाय, तेल पिते. कमी असलं तर तो डबा हाय, वतजा."

"हौ," मी म्हणालो.

मी पट्टी काढली नाही. उशीर झाला होता, बॉनेट अडकायचं, आणि मी पांढरा सदरा घातला होता. कारणं एवढीच.

पुलगाव दहा-बारा किलोमीटर राहिलं असताना समोरच्या काट्यांजवळ एक लाल दिवा लुकलुकायला लागला. मग तो लुकलुकायचा थांबला आणि लागूनच राहिला. मागे मधोमध बसलेली मुलगी पुढे वाकली. चौघींतली ती सगळ्यात बारीक आणि सगळ्यात चौकस.

"सर, ते लाल काऊन पेटून राह्यलं?"

"काही नाही. जुनी गाडी आहे."

ती मागे टेकून बसली. सर म्हणतात म्हणजे काही नसेल. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गाडी हाकत राहिलो.

मांडणी वेळेत झाली. मी बाजारातून दोन लिटर तेल आणून गाडीत ओतलं, दिवा विझला, आणि मी सुटलो असं मला वाटलं. परतताना चढावर इंजिनातून एक बारीक आवाज आला. टक्‌टक्‌टक्‌. पायडल सोडलं की मिटायचा, दाबलं की पुन्हा यायचा. मी खिडकीची काच वर केली.

बाई तशाच पडवीत बसल्या होत्या. मी किल्ली दिली.

"चालली ना बरोबर?"

"एकदम बरोबर."

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सरांच्या हाती गाडी दिली का आपल्याले घोर नाई." त्या वाक्यानंतर खरं सांगणं आणखी अवघड होऊन बसलं.

तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना बाईंनी गाडी हळू केली आणि मान डावीकडे कलती केली.

"आयकू येते का?"

"काय?"

"टकटक."

"नाही बुवा," मी म्हणालो.

बाईंनी काही क्षण ऐकलं आणि वेग वाढवला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशीही. मी दर वेळी नाही म्हणत होतो, आणि मला तो आवाज इतका स्पष्ट ऐकू येत होता की वर्गात कविता शिकवतानाही डोक्यात टकटक चालायची.

मग एका शनिवारी बाई शाळा सुटल्यावर एकट्याच बसने वर्ध्याला गेल्या. सोमवारी मी सहज विचारलं, काय काम काढलं होतं?

"कानाच्या डाक्टरकडं गेलती," त्या म्हणाल्या. "मले आवाज येते, तुमाले येत नाई. तुमी तरुण हा. मंग म्हटलं, माह्या कानातच काही बिघाड असन. मशीन लावून तपासलं त्यानं. कान चांगले हायेत म्हणते."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. ज्या बाईचा सगळा विश्वास आपल्या कानांवर होता, तिला मी तिच्या कानांवर संशय घ्यायला लावलं होतं. तरीही त्या दिवशी मी बोललो नाही. आज लिहितानाही याचं मला नवल वाटतं.

कान शाबूत आहेत म्हटल्यावर बाईंनी त्याच संध्याकाळी बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर त्या काढायच्या आणि ऐकायच्या. पहिली काढली, टकटक तशीच. दुसरी, तिसरी, तशीच. चौथी काढल्याबरोबर आवाज दबला.

"चार नंबरचं बेअरिंग," बाई म्हणाल्या. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं मला कळलं नाही. "सायकल मारता ना? पाय वरखाली होते आन चाक गोल फिरते. इंजिनात तो पाय म्हणजे कनेक्टिंग रॉड, आन पायडल म्हणजे क्रँक. रॉडनं क्रँकले जिथं पकडलं हाय तिथं मधात अर्ध्या चंद्रासारख्या दोन पातळ वाट्या असते. ते बेअरिंग. तेलाच्या पापुद्र्यावर फिरते. तेल नाई भेटलं का घासते, ढिलं होते, आन मंग ठोकाले लागते."

"नाही बदललं तर?"

"एक दिवस रॉड तुटन आन इंजिन फोडून बाहेर येईन."

दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागत होती. त्यांनी गाडी उभीच ठेवली आणि कारंज्याला भावाला फोन लावला. तशा गाडीची बेअरिंगं आता कोण ठेवतं? पण भावाकडे माळ्यावर एक जुना संच निघाला. भाऊबीजेला तो आंजीला आला तेव्हा ओवाळणीच्या ताटात त्याने तो मेणकागदात गुंडाळलेला डबा ठेवला. मी फराळाला तिथेच होतो.

"ताई, हा शेवटचा सेट," तो म्हणाला. "आन मूळ मापाचा हाय. क्रँकवर ओरखडे पडले असन तर क्रँक घासून बारीक करा लागते, मंग हे बेअरिंग बसत नाई, आन बारीक मापाचं आता कुठंच भेटत नाई. तसं निघालं तर गाडी इकून टाक. तुह्यं बी वय झालं."

"क्रँक खराब असन तर इकीन," बाई म्हणाल्या. त्यांनी भावाला अनारसा वाढला. "पण मंग त्या चार पोरींचं काय, ते तू सांगशीन त्यायच्या बापाले?"

भाऊ अनारसा खाऊ लागला. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि सकाळी बाईंनी "हात लावाले येता का जी?" म्हणून हाक मारली तेव्हा मी ठरवूनच गेलो.

तरी लगेच बोलणं झालं नाही. फळ्या बाजूला केल्या होत्या, गाडी खड्ड्यावर उभी होती. बाई खाकी सदरा घालून, बांगड्या डब्यात काढून ठेवून, खाली उतरल्या होत्या. मी काठावर पान्यांची पेटी घेऊन बसलो. त्यांनी तेलाचा बोल्ट सोडला. काळं तेल घमेल्यात पडायला लागलं. बाईंनी दोन बोटं त्या तेलात बुडवली आणि उन्हाच्या तिरपेत धरली. बोटांवर बारीक चमकी होती, लग्नातल्या मुलींच्या गालावर असते तशी.

"पाहा, बेअरिंग तेलात उतरलं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "बाई, हे माझ्यामुळे झालं."

आणि मग सगळं सांगितलं. पट्टी पाहिली नाही ते. लाल दिवा. त्या मुलीने विचारलं ते आणि मी काय उत्तर दिलं ते. पुलगावात ओतलेलं तेल. टकटक मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती, ते. हे सगळं मी त्यांच्या डोक्याच्या पांढऱ्या भांगाकडे पाहून बोललो, कारण त्या वर पाहत नव्हत्या.

माझं संपलं. बाईंनी हात वर केला.

"चवदाचा पाना द्या."

मी दिला. तेल साठतं ते खालचं चेंबर काढायला वीसेक बोल्ट सोडावे लागतात. बाई एकेक बोल्ट सोडत होत्या आणि घमेल्याशेजारच्या ताटलीत टाकत होत्या. ठण्ण. ठण्ण. प्रत्येक बोल्टला मला वाटायचं, आता बोलतील. चेंबर खाली आलं तरी त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खाली या."

मी उतरलो. डोक्यावर इंजिनाचं उघडं पोट होतं. बाईंनी पहिल्या रॉडचे दोन नट सोडले, खालची टोपी हलकेच ठोकून काढली, दोन्ही वाट्या काढल्या आणि वर्तमानपत्रावर ठेवल्या. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. ज्या टोपीवर जो आकडा, ती त्याच रॉडखाली, त्याच तोंडाने. "यायची अदलाबदल चालत नाई," एवढंच त्या पुटपुटल्या. शेवटी चौथ्याच्या काढल्या. सगळ्या वाट्या चिंधीने पुसून त्या पायरीवर ओळीने मांडल्या आणि चष्मा वर करून, शाळेत पेपर तपासताना पाहायच्या तशा, एकेक पाहायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. पहिल्या तीन जोड्यांवरचा राखाडी थर मधोमध झिजून खालचा तांब्याचा रंग दिसत होता. तिन्हींवर सारखा, गुळगुळीत. "हे एका दिवसाचं काम नाई. हे बारा-पंधरा वर्षाचं घासणं हाय. म्या दोन वर्षाआधीच चेंबर खोलाले पायजे होतं. आज करीन, उद्या करीन म्हणत राह्यली. हे तीन माह्ये."

मग चौथ्या जोडीतली एक वाटी उचलली. तिच्यावरचा थर वितळून एका कडेला ओघळल्यासारखा झाला होता, आणि कड काळी पडली होती.

"हे एका दिवसाचं. हे तुमचं."

मला वाटलं होतं त्या सगळंच माझ्यावर टाकतील, किंवा मोठ्या मनाने म्हणतील, जाऊ द्या. त्यांनी दोन्ही केलं नाही. जेवढं माझं होतं तेवढंच माझ्या हातात ठेवलं. ती वाटी नखाएवढी हलकी होती.

"तेल पाह्यलं नाई, ते हे," वाटीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. आता पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "पण पंधरा दिवस त्या पोरी मागं बसून होत्या. रॉड कधी तुटन त्याचा भरवसा नव्हता. आन तुमी माह्या बाजूले बसून नाई म्हणत होते. त्याचं माप माह्याजवळ नाई, सर."

मी मान खाली घातली. बाहेर कोणाच्या तरी अंगणात पोरं उरलेले फटाके उडवत होती.

"शाळा उघडली का त्या पोरीले सांगजा," बाई म्हणाल्या. "तिनं बरोबर पाह्यलं होतं. बरोबर पाहणाऱ्या लेकराले ‘काही नाई’ म्हटलं का ते पुढच्या वेळी पाहत नाई."

"सांगतो."

"आता क्रँक पाहू."

खरी परीक्षा तीच होती. क्रँकच्या चौथ्या गोल भागावर बेअरिंगचा वितळलेला राखाडी धातू लेपासारखा बसला होता. बाईंनी रॉकेलच्या चिंधीने तो हळूहळू पुसला, मग बारीक कागदाने निघेल तेवढा काढला. पाव तास गेला असेल. मला एक तास वाटला. त्या बाजूला सरकल्या.

"तुमचं नख फिरवा याच्यावर. आडवं. ओरखडा असन तर नख अडकते."

"मी?"

"बेअरिंग तुमचं, नख बी तुमचंच."

मी अंगठ्याचं नख टेकवलं आणि ओढलं. एकदा. पुन्हा, जरा बाजूने. क्रँक थोडा फिरवून पुन्हा.

"बाई, गुळगुळीत वाटतंय."

"वाट्टे?"

मी परत नख फिरवलं, चारही बाजूंनी. नख कुठेच अडकलं नाही.

"गुळगुळीत आहे," मी म्हणालो.

बाईंनी फ्लॅनेलमधून वडिलांचा मायक्रोमीटर काढला. आडवं माप, उभं माप, पुन्हा आडवं. प्रत्येक आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली, आणि वही मिटली. "घासलं हाय, पण हद्दीत हाय. नवीन बेअरिंग बसते."

मी खड्ड्याच्या पायरीवर बसलो आणि मला हसू यायला लागलं. थांबवलं तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसूच येत होतं. बाई मला न्याहाळत उभ्या राहिल्या. त्यांच्या नाकावर तेलाचा पट्टा ओढला गेला होता.

"हासून घ्या," त्या म्हणाल्या. "मंग साबणानं हात धुवा. नवीन बेअरिंगले धुळीचा कण चालत नाई."

चौथं बेअरिंग त्यांनी मला बसवायला लावलं. वाटीची खाच खाचेत, तेलाचं भोक भोकासमोर, वर तेलाचा हात, मग टोपी. नट आवळायला बाईंकडे काट्याचा पाना होता, किती जोर लागला ते दाखवणारा. काटा ठरल्या जागी आला की थांबायचं. मी आवळलं, बाईंनी तपासलं, आणि काही बोलल्या नाहीत. मी एवढ्या दिवसांत शिकलो होतो की बाई गप्प राहिल्या म्हणजे पुरे मार्क.

चेंबर चढवून, नवं तेल भरून दुपार झाली. बाईंनी कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, पेटणार नाही. "आधी तेल वर चढू द्या," त्या म्हणाल्या. मी किल्ली फिरवली. लाल दिवा पेटलेला. इंजिन कण्हत फिरत होतं. पाच मोजले, थांबलो. पुन्हा पाच. तिसऱ्या खेपेला दिवा पिवळट झाला, थरथरला आणि विझला.

"विझला!" मी ओरडलो.

बाईंनी वायर जोडली. इंजिन एका झटक्यात लागलं. त्या बॉनेटवर हात टेकून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. वेग वाढवायची खूण केली. कमी करायची केली. पुन्हा वाढवायची. टकटक नव्हती. मीही डोळे मिटून ऐकलं, आणि या वेळी ऐकू येत नाही म्हणताना खोटं बोलावं लागणार नव्हतं.

बाईंनी कारंज्याला फोन लावला आणि तो इंजिनाजवळ धरला.

"आयक."

"काय आयकू, ताई?" भावाचा आवाज आला. "काहीच तर आयकू येऊन नाई राह्यलं."

"तेच आयक," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. त्यांना मोकळं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग आम्ही पडवीत बसून चहात बुडवून वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं खाल्ली. डबा संपेपर्यंत.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या शाळेत होतो. चौघीही दहावी झाल्या. बाई पुढे निवृत्त झाल्या. अजून आंजीलाच असतात, आणि मी भेटायला गेलो की माझ्या दुचाकीचा आवाज फाटकातच ऐकून काय बिघडलं आहे ते सांगतात. त्या बेअरिंगविषयी त्यांनी पुन्हा कधी शब्द काढला नाही, ना चांगला ना वाईट. हिशेब एकदा नीट लागला की बाई ते पान उलटत.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती शाळा उघडली ती सकाळ. खड्ड्यात वाकून वाकून बाईंची कंबर धरली होती. त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि स्वतः माझ्या जागेवर बसल्या. वस्तीवर गाडी थांबली. मी खाली उतरलो, त्या चौकस मुलीला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, की प्रदर्शनाच्या दिवशी लाल दिवा तू बरोबर पाहिला होतास, तेल संपत आलं होतं, मी तेव्हाच गाडी थांबवायला हवी होती आणि मी तुला खोटं सांगितलं.

तिने थोडा विचार केला.

"मंग सांगतलं काऊन नाई जी तवा?"

"घाबरलो होतो."

"तुमी बी घाबरता?"

"हौ."

तिला या उत्तराचं फार नवल वाटलं असावं. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ आरशातून माझ्याकडे पाहत होती. थंडीची सकाळ होती. कपाशीत बाया वेचणीला उतरल्या होत्या. मागे चौघींच्या गप्पांना ऊत आला होता, कोणाकडे काय फराळ केला, कोणाला कोणता ड्रेस घेतला. मी कान इंजिनाकडे लावून चालवत होतो आणि ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. खिडकीतून येणारा वारा आणि टायरांचा आवाज.

एका वळणावर मागच्या गप्पा अचानक थांबल्या. मला वाटलं काही झालं. मी आरशात पाहिलं. चौघीही पुढच्या सीटकडे पाहत होत्या. त्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं, पुढे वाकली आणि माझ्या कानाशी कुजबुजली,

"सर, हळू चालवा जी. बाई झोपल्या."